ऑगस्टीनची लेन्स

चिराग, तो स्पीकर बंद कर आधी. बाप्पाच्या राखणीला जागायचं तर पत्ते कुटण्यापेक्षा गोष्ट बरी. या, जवळ बसा. अट एकच. मध्येच कोणी 'पण काका, हे कसं शक्य आहे?' असं विचारायचं नाही. कसं शक्य आहे ते मलाही माहीत नाही. घडलं तसं सांगतो. पटलं तर घ्या, नाहीतर पत्ते आहेतच.

बी विंगमधला सुमेध तुम्ही रोज बघता. गेल्या वर्षीपर्यंत याच मंडपात तो गळ्यात कॅमेरा अडकवून आरतीचे फोटो काढत हिंडायचा. आता हातापाया पडलं तरी येत नाही. संध्याकाळी सातनंतर खालीसुद्धा उतरत नाही. मनालीची आई म्हणते, त्याला साखर झाली आहे. साखरबिखर काही नाही. काय झालं ते त्यानं मला आमच्या गॅलरीत बसून सांगितलं, भर दुपारी, आणि सांगताना तीनदा पाणी प्यायला.

सुमेधला वेड जुन्या लेन्सचं. हल्लीचे कॅमेरे स्वतःच फोकस धरतात, माणसानं फक्त बोट दाबायचं. सुमेधला ते अळणी वाटायचं. नव्या कॅमेऱ्याला अडॅप्टर लावून तो त्यावर चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या जड लेन्स चढवायचा. त्यांना आपोआप काही कळत नाही. लेन्सवरची रिंग हातानं फिरवायची. समोरचं सगळं धूसर असतं, ते फिरवता फिरवता एका जागी लख्ख होतं. रिंगवर आकडे असतात. रिंग ज्या आकड्यावर थांबली तेवढ्या अंतरावरची वस्तू स्पष्ट. तिच्या अलीकडचं धूसर, पलीकडचंही धूसर. शिवाय त्याच्या कॅमेऱ्यात एक सोय होती. जे फोकसमध्ये आलं त्याच्या कडेनं मागच्या पडद्यावर लाल रेघ उमटायची. एवढं लक्षात ठेवा. पुढे लागेल.

हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हौसेला जागा लागते. आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत काचेला बुरशी धरते, म्हणून हा पठ्ठ्या लेन्स तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचा. एकदा पाहुण्यांसमोर त्याच्या बायकोनं, अश्लेषानं, भाताला तांदूळ काढले तर तांदळाबरोबर लेन्स वर आली. ती बिचारी म्हणायची, 'लग्नाची मी एकटी आणि सवती सतरा.'

सुमेधच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर स्टीवन बसतो. मूळचा वसईजवळच्या सांडोरचा. त्याचे वडील ऑगस्टीन फोटोग्राफर. बारसं, लग्न सगळं करायचे, पण खास काम मयताच्या फोटोंचं. ऐकून तुम्हाला कसंसंच वाटेल, पण तिकडच्या ख्रिस्ती घरांतून ही जुनी रीत होती. दफनाला नेण्याआधी पेटीभोवती सगळं घरदार उभं राहायचं आणि एक फोटो निघायचा, गल्फमधल्या मुलाला किंवा बोटीवरच्या भावाला पाठवायला. गावात कोणी गेलं की आधी फादरला निरोप जायचा आणि मग ऑगस्टीनला.

आणि हाच माणूस कोविडच्या पहिल्या वर्षी गेला. हॉस्पिटलातून बांधून आला तसा पेटीत गेला. चेहरा कोणाला दिसला नाही आणि फोटोही कोणी काढला नाही. बायकोनं, प्रिस्काबाईंनी, लांबून क्रुसाची खूण केली तेवढीच.

तेव्हापासून प्रिस्काबाई त्या घरात एकट्या. वय पंचाहत्तर. काचबिंदूनं डोळे गेलेले. उजेड आहे की अंधार, एवढंच कळायचं. गेल्या पावसाळ्यात न्हाणीत पडल्या त्या सकाळपर्यंत तशाच पडून होत्या. स्टीवन आणि त्याची बायको रिटा मिनतवाऱ्या करून थकले, की आमच्याकडे वसंत नगरीला फ्लॅटवर चला. म्हातारी ऐकेना. आणि का नाही, ते सांगेना.

शेवटी स्टीवन सुमेधला म्हणाला, "पप्पांची लेन्स आहे आईकडे. मागितलीस तर देईल. घेऊन ये, आणि बोलता बोलता तिला जरा समजाव. माझं ती ऐकत नाही. पुन्हा पडली ना, तर सकाळपर्यंत काही उरायचं नाही रे."

फुकटात लेन्स आणि वर पुण्य. सुमेध एका पायावर तयार झाला.

तारीख तीस नोव्हेंबर, गेल्या वर्षीची. वार शनिवार. अमावास्या होती. सुमेधला हे काही माहीत नव्हतं, त्याला सुट्टी आहे एवढंच माहीत होतं. पाचला स्कूटर काढून बोळिंजवरून तो निघाला. निर्मळची जत्रा चालू होती, तिथे अर्धा तास अडकला. अडकलाच आहे तर म्हणून त्यानं म्हातारीसाठी सुकेळी, म्हणजे तिकडची उन्हात वाळवलेली केळी, घेतली. सांडोरला पोचला तेव्हा साडेसहा वाजून गेले होते आणि केळीच्या वाड्यांत काळोख झाला होता.

घर रस्त्यापासून आत. लाकडी फाटक, मग अंगण, मग ओटा. फाटकाबाहेर केळी आणि केळींच्या मागे बावखल. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, जुन्या वाड्यांना असतं तसं. ओट्यावर एक पिवळा बल्ब. अंगणात, ओट्याच्या पायरीपासून थोड्या अंतरावर, दोन खुर्च्या फाटकाकडे तोंड करून शेजारी शेजारी मांडलेल्या. एकीत प्रिस्काबाई. दुसरी रिकामी, आणि तिच्या पुढ्यात एक स्टूल.

"सुकेळी आणलीस?" पुडीचा वास घेऊन त्या म्हणाल्या. "ऑगस्टीनला फार आवडतात."

आवडायची, असं नाही म्हणाल्या. सुमेधला हे नंतर आठवलं.

आंधळी बाई, पण घरात अशी वावरायची की डोळसानं लाजावं. आत गेल्या आणि चहाचे तीन कप घेऊन आल्या. एक त्याला दिला, एक स्वतःला, तिसरा बरोबर स्टुलावर ठेवला. मग पदरातून एक फडक्याची पुरचुंडी काढली.

सुमेधनं लेन्स उजेडात धरली. जड, काळी, काच बघाल तर आरशासारखी. बुरशीचा ठिपका नाही. रिंगवर आकड्यांच्या दोन ओळी असाव्यात. त्यातली एक ऑगस्टीनच्या अंगठ्यानं वर्षानुवर्षं घासून पार गेली होती. दुसरीत दोन, तीन, चार, पाच, सात, दहा, पंधरा, तीस एवढे आकडे वाचता येत होते. सुमेधच्या बाकीच्या सगळ्या लेन्स रशियन, मीटरच्या. मीटरच असणार, असं मनाशी म्हणत त्यानं ती कॅमेऱ्यावर चढवली.

"मावशी, स्टीवन फार काळजी करतो तुमची..."

"माहीत आहे तो काय म्हणतो. लेन्स तुझी. पण आधी एक काम कर माझं."

तेवढ्यात चर्चची सातची घंटा झाली. प्रिस्काबाईंनी क्रुसाची खूण केली, प्रार्थना पुटपुटल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "स्टीवनला बोलू नको. मला डॉक्टरकडे नेईल तो. सातची घंटा झाली की थोड्या वेळानं आमचं फाटक वाजतं. मग पावलं येतात. मग ही खुर्ची वाजते. रोज. तो गेल्यावर चाळिसाव्या दिवशी पहिल्यांदा आला."

सुमेधनं रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"मी बोलते त्याच्याशी. दिवसभरातलं सगळं सांगते. तो ऐकतो. चहा ठेवते, सकाळी कप रिकामा असतो. पण बोलत नाही रे. चार वर्षांत एक शब्द नाही." म्हातारीनं रिकाम्या खुर्चीचा हात चाचपला. "रागावलाय का माझ्यावर? शेवटी मी जवळ नव्हते. मला जाऊ नाही दिलं कोणी. मला दिसत असतं तर मी त्याचा चेहरा बघून ओळखलं असतं. चाळीस वर्षं तो या काचेतून बघायचा. तू यातून बघ, आणि मला सांग, तो रागावलाय का."

"आणि कोणी दिसलंच नाही तर?"

"तर उद्या स्टीवनकडे जाते. खोटं नाही बोलत. पण तो आहे म्हणालास, तर मला इथून कोणी हलवू नका. मेले तरी त्याच्यासमोर मरेन."

सुमेधला गलबलून आलं. आणि त्याच क्षणी त्याला वाटलं, अरे, काम किती सोपं आहे! बघायचं, कोणी नाही म्हणायचं. म्हातारी उद्या फ्लॅटवर. स्टीवन खूश, तिचा जीव सुरक्षित. आणि ते खोटंही नाही. कोणी नसणारच ना.

तो ओट्यावर दाराजवळ उभा राहिला. खाली अंगणात प्रिस्काबाईंची पाठ, दोन खुर्च्या, त्यांच्यापुढे अंधार. पडद्यावर सगळं धूसर करडं. तो रिंग फिरवायला लागला, सावकाश, उगाच केल्यासारखी.

करकर...

फाटक वाजलं.

वारा नव्हता. केळीचं पान हलत नव्हतं.

"आला," प्रिस्काबाई म्हणाल्या.

सुमेधनं नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. अंधार. फाटक असेल तिथेही अंधारच. कुत्रं असेल, म्हणून त्यानं पडद्याकडे पाहिलं आणि रिंग फिरवली. तीसच्या आकड्यावर लाल रेघ उमटली.

आधी एक खांदा, मग दुसरा, मग डोकं. माणसाच्या आकाराची बारीक लाल कड. आत काही नाही, नुसता काळोख. पडद्यावरून नजर वर केली तर समोर कोणी नाही. पुन्हा पडदा. आहे.

त्याला खोटं बोलायचं होतं, पण तोंडून निघालं, "मावशी... कोणीतरी आहे."

"आहे ना!" केवढा आनंद झाला बाईला. "म्हटलं होतं मी. कुठे आहे?"

"लांब आहे. तीस मीटर. फाटकाबाहेर, केळीत."

"छे. फाटक वाजलं मघाशी. आत आला तो."

सुमेधला वाटलं, म्हातारीला अंतराचा अंदाज काय असणार. आकडा समोर होता. तीस. तीस मीटर म्हणजे चांगलंच लांब. त्यानं स्वतःला धीर दिला. कोणी चोर असेल. केळ्यांचे घड चोरायला येतात.

कड पुसट झाली. त्यानं रिंग थोडी फिरवली. पुन्हा उमटली. पंधरा.

"जवळ येतोय?"

"हो... पंधरा मीटर. फाटकाशी असेल."

"अरे, मला पाऊल ऐकू येतंय." प्रिस्काबाईंनी मान तिरकी केली. "चेहरा सांग. रागात आहे का?"

"चेहरा नाही दिसत. कड दिसते फक्त. बाहेरची."

"टोपी आहे ना डोक्यावर?"

त्यानं नीट पाहिलं. "नाही."

प्रिस्काबाई हसल्या. "नीट बघ. टोपीशिवाय तो फक्त चर्चमध्ये असायचा."

"नाही मावशी. टोपी नाही."

मग हळूच, "डावा खांदा उतरलेला असेल. कॅमेऱ्याची बॅग वाहून वाहून."

"दोन्ही सरळ आहेत." सुमेधनं पुन्हा रिंग हलवून पाहिली. "फार सरळ."

"उंची?"

कड आता दहावर होती आणि पडद्याच्या वर जात होती.

"उंच आहे. दाराएवढा."

प्रिस्काबाईंच्या हातातल्या रोझरीच्या माळेचे मणी थांबले. मग त्यांनी जे विचारलं ते सुमेधला अजून झोपेत ऐकू येतं.

"ऑगस्टीन माझ्या कानाएवढा होता रे... मग हा कोण?"

...

पोरांनो, तुम्हीच विचार करा. चार वर्षं. रोज संध्याकाळी. बाई शेजारी बसवून ज्याच्याशी सुखदुःख बोलली, ज्याला चहा पाजला, तो तिचा नवरा नव्हता. आणि ज्या माणसापायी ती घर सोडत नव्हती, तो कधी परत आलाच नव्हता.

"मावशी, उठू नका," सुमेध म्हणाला. "घाबरू नका. अजून लांब आहे."

त्याला खरंच तसं वाटत होतं. दहा मीटर. तेवढ्यात खाली उतरू, तिला उचलू, मागच्या दारानं श्रीपतच्या घरी जाऊ. श्रीपत म्हणजे शेजारचा, वाडीला वाडी लागून. वेळ आहे, असा त्याचा हिशेब.

कड पुसट झाली.

रिंग फिरवली. सातावर नाही. सात ओलांडलं. पाच.

पाचावर थांबली.

बघून ठेवू, म्हातारी कितीवर आहे. एवढाच विचार करून त्यानं रिंग मागे नेली, आणि प्रिस्काबाईंच्या पांढऱ्या अंबाड्याभोवती लाल रेघ उमटली. बल्बच्या उजेडात त्या स्वच्छ दिसत होत्या. पायरीखाली. दोन ढांगांवर. फार तर दोन मीटर.

त्यानं आकडा पाहिला.

सात.

दोन मीटरवरची बाई सातावर.

आकडे मीटरचे नव्हते. फुटांचे होते.

तीस फूट म्हणजे फाटकाच्या आत. पंधरा म्हणजे अंगणाचा मध्य. म्हातारीचे कान खरे होते आणि याचा आकडा खोटा होता. आणि आता ती सातावर होती... आणि ते पाचावर.

ते तिच्या पुढे नव्हतं. तिला ओलांडून आलं होतं. ते दोघांच्या मध्ये होतं.

सुमेधनं मान वर केली. पिवळा उजेड. रिकामी पायरी. प्रिस्काबाईंची पाठ. मध्ये काही नाही. काहीही नाही.

"आज खुर्ची वाजली नाही," प्रिस्काबाई म्हणाल्या. "कुठे गेला?"

सुमेधचा हात आपोआप रिंग फिरवत होता. चार. कड पडद्यात मावत नव्हती. डोकं वर गेलं होतं, नुसते खांदे. तीन. खांदेही गेले. लाल रेघेच्या दोन उभ्या कडा, आणि मध्ये काळं.

दोन.

रिंग तिथे अडली. दोनाच्या अलीकडे ती लेन्स फिरत नाही. कडा पुसट झाल्या.

याचा अर्थ त्याला कळत होता.

"पोरा," प्रिस्काबाईंचा आवाज आला. "तू श्वास का धरलास?"

त्यानं श्वास धरला नव्हता. तो धापा टाकत होता. पण ती धाप त्याला स्वतःलाही ऐकू येईना. तोंडासमोर काहीतरी उभं होतं आणि आवाज त्याच्यातच मुरत होता...

मागे दार होतं. आत शिरला असता, मागच्या दारानं पळाला असता, तर कोणी दोष दिला नसता. मी तरी नसता दिला. सुमेध म्हणाला, "काका, पाय मागे वळलेच होते." पण खाली ती आंधळी बाई बसलेली. तिला दिसत नव्हतं काय झालंय, आणि तिच्याकडे जायला वाट एकच होती.

त्यानं डोळे मिटले. आणि सरळ पुढे चालत गेला.

काही लागलं नाही. गार नाही, गरम नाही. त्यालाच तो जास्त भ्यायला. पायरी उतरला, प्रिस्काबाईंचा हात धरला, म्हणाला, "चला."

"चप्पल..."

"राहू दे."

बाई विरोध न करता उठली. फाटकाशी पोचले तेव्हा मागे खुर्ची वाजली. वेताची खुर्ची कोणी अंग टाकल्यावर वाजते तशी. सुमेधनं मागे पाहिलं नाही. प्रिस्काबाई मात्र थबकल्या, आणि कोरड्या आवाजात म्हणाल्या, "ऐक. माझ्या खुर्चीत बसला."

श्रीपतच्या घरातून फोन गेला. तासाभरात स्टीवन आला. सुमेधचा चेहरा आणि आईचे अनवाणी पाय बघून त्यानं सरळ टॉर्च मागितला. श्रीपत आणि तो टॉर्च घेऊन गेले. घर पालथं घातलं. कोणी नव्हतं. स्टुलावरचा कप रिकामा होता. मागचं दार आतून लावलं, पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं आणि त्याच रात्री आईला वसंत नगरीला नेलं. स्टीवनला जे हवं होतं ते झालं. आई हलली.

फोटो? बघ, मनालीनं विचारलंच. सुमेधनं बटण दाबलंच नव्हतं. लेन्स त्यानं स्टीवनला परत केली आणि सतराच्या सतरा सवती महिन्याभरात वाटून टाकल्या.

आठ दिवसांनी, रविवारी, स्टीवन आणि रिटा आईचे कपडे आणायला सांडोरला गेले. दुपारचे बारा, लख्ख ऊन. स्टीवननं कुलूप काढलं, दार लोटलं. उघडेना. लाकूड फुगलं असेल म्हणून खांदा लावला. दार जरा हललं आणि वर काहीतरी खटकलं. तेव्हा त्याला कळलं. आतून कडी लावली होती.

मागे जाऊन पाहिलं. मागचं दारही आतून बंद, त्यानंच लावलं होतं तसं. खिडक्यांना गज.

माणूस गोंधळला की लहानपणची सवय वर येते. शाळेतून आल्यावर करायचा तसं स्टीवननं दार वाजवलं. दोनदा. आणि हाक मारली, "आई..."

आतून कडी निघाल्याचा आवाज आला.

रिटा पळत रस्त्यापर्यंत गेली. स्टीवननं दार लोटलं नाही. कुलूप दाबून लावायलाही तो थांबला नाही. ते उघडंच कोयंड्यात अडकवून तो निघाला.

घरी येऊन त्यानं आईला सांगितलं. प्रिस्काबाईंनी त्याला जवळ बसवलं. मग म्हणाल्या, "चूक माझी आहे, बाबा. मला वाटलं ऑगस्टीन आहे. मी त्याला सगळं सांगत बसले. तू कुठे राहतोस, कितवा मजला, रिटा किती वाजता कामावरून येते. आदल्या दिवशी हेही सांगितलं, की उद्या विरारहून सुमेध नावाचा मुलगा येणार आहे. कुठल्या सोसायटीतला, तेही." आणि त्या रडायला लागल्या. नवरा खरंच गेला हे तेव्हा पटलं आणि त्याच्यासाठी त्या पहिल्यांदाच रडल्या, असं रिटा म्हणते.

म्हणून सुमेध सातनंतर खाली उतरत नाही.

नऊ महिने ते कुलूप तसंच लटकत होतं, उघडं. सांडोरला पाण्याचे पंप चोरीला जातात, केळ्यांचे घड जातात, पण त्या घरातून चमचा हलला नाही. दार मिटलेलं ते मिटलेलंच. श्रीपत येता-जाता बघायचा.

परवा, मंगळवारी, गणपती बसायच्या आदल्या दिवशी, सकाळी त्याचा स्टीवनला फोन आला.

"स्टीवन, तुज्या घराचा दार उघडा हाय. कोन आला काय?"

कोणी आलं नव्हतं. स्टीवन गेला, श्रीपतला घेऊन आत शिरला, सगळ्या खोल्या बघितल्या. दार सताड उघडं होतं आणि आत आता कोणीच नव्हतं. पत्ते त्याला दोनच माहीत आहेत, स्टीवनचा आणि आपल्या सोसायटीचा.